गाणं नेण्याआधी ग्रामसभेला विचारा

रॉयल्टी हा इंग्रजी शब्द आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. तो त्यांना तेंदूपत्त्याने शिकवला. मे महिन्यात पहाटे रानात जायचं, पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून द्यायची. त्याचे पैसे मिळतात ती मजुरी. पण पेसा आणि वनहक्क कायद्याच्या बळावर ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या, तेव्हापासून ठेकेदाराला मजुरीखेरीज आणखी एक रक्कम मोजावी लागते, कारण त्या पानावर हक्क गावाचा आहे. ती रॉयल्टी. तोडणाऱ्या हाताचे पैसे वेगळे आणि हक्काचे वेगळे, हे माझ्या आजीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. शिवाय ठेकेदार कोण, दर काय, यंदा द्यायचं की नाही, हे आधी गावात बसून ठरतं. फळी त्यानंतर सुरू होते.

याच आजीचा आवाज मी दोन वर्षांपूर्वी एका यंत्रासाठी भरून दिला. तेव्हा यातलं काहीच पाळलं गेलं नाही.

मी माडिया आहे. हेमलकशाच्या आश्रमशाळेत शिकले, पुढे नागपूरला पदवी घेतली आणि परत येऊन इकडच्याच मुलांना शिकवते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका संस्थेची माणसं आली. आदिवासी भाषांचे आवाज गोळा करायचे आहेत, कॉम्प्युटरला तुमची भाषा शिकवायची आहे, असं म्हणाली. मी हरखून गेले. माझ्या शाळकरी वयात बाहेरचे लोक आमची भाषा ऐकून हसायचे, आणि आता तीच भाषा यंत्र शिकणार होतं. मी स्वतः चारशे वाक्यं वाचून दिली, एका वाक्याचे तीन रुपये. मग ते म्हणाले, गाणी म्हणणारं कुणी आहे का? मी त्यांना आजीकडे नेलं.

आजीने रोवणीची गाणी म्हटली, लग्नातली म्हटली, पंडुमातली, म्हणजे सणातली, रेला गाणी म्हटली. मरणाच्या वेळची गाणी म्हणायला मात्र तिने नकार दिला. कुणी गेलेलं नसताना ती तोंडातून काढत नाहीत, एवढंच म्हणाली. पुढे तिने विचारलं, "हे ऐकणार कोण?" मी म्हटलं, "मशीन." ती बराच वेळ त्या टॅब्लेटकडे पाहत राहिली. मग समोर चार पानी इंग्रजी संमतिपत्र आलं. मीही ते वाचलं नाही. तिला म्हटलं, काही नाही आजी, अंगठा लाव. एका गाण्याचे दोनशे रुपये तिच्या हातावर ठेवले गेले आणि गाडी निघून गेली.

त्या पत्राची प्रत माझ्या मोबाइलमध्ये होती. खूप महिन्यांनी एका रात्री मी ती शब्दकोश घेऊन वाचली. दिलेले हक्क कायमचे, जगभरासाठीचे, परत न घेता येणारे आणि तिसऱ्या कुणालाही पुढे देता येण्यासारखे होते. म्हणजे दोनशे रुपयांत मजुरी, रॉयल्टी आणि परवानगी तिन्ही गेल्या. एवढा मोठा व्यवहार तेंदूच्या फळीवर कुणी करू पाहिला असता तर गावाने त्याची गाडी अडवली असती. मी तर शिकलेली होते आणि आजीचा अंगठा मीच धरला होता. ही बोच अजून गेलेली नाही, आणि हा लेख लिहिण्याचं तेच कारण आहे.

गेल्या दीड वर्षात कलावंतांचे हक्क आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर जे जे मराठी-हिंदीत हाती लागलं ते मी वाचत आले. ही लढाई मोठ्या माणसांमध्ये आणि मोठ्या कंपन्यांमध्ये चालली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आमच्या बातम्या न विचारता यंत्राला खाऊ घातल्या म्हणून. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्राकरवी नक्कल करणाऱ्यांना रोखलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजालाही तसंच संरक्षण दिलं. अमेरिकेत अँथ्रॉपिक या कंपनीने चोरट्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या पुस्तकांच्या दाव्यात दीड अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. एका पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर पडतात, म्हणजे आपले अडीच लाखांहून जास्त.

आशाताईंबाबतच्या आदेशाने मला खरोखर आनंद झाला. पण आदेशामागचं कारण पाहिलं की आमची जागा दिसते. तो आवाज जपला गेला, कारण तो कुणाचा हे सगळ्या देशाला माहीत आहे. अमेरिकेतल्या तडजोडीत पैसे मिळाले ते तिथल्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंद झालेल्या पुस्तकांना. माझ्या आजीचं नाव भामरागडच्या पलीकडे कुणाला माहीत नाही आणि तिच्या गाण्याची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखकाला मिळतो, त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं. रेला गाण्याचा लेखक कोण? ते तिच्या आईने म्हटलं, तिच्या आईच्या आईने म्हटलं, दर लग्नात त्यात नव्या ओळी पडल्या, नवरीच्या गावाचं नाव बदललं. अशा गाण्याला कायद्याच्या लेखी मालकच नसतो. ज्याला मालक नाही ते सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हटलं की ते ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचं होतं.

याचा जुना दाखला आमच्या शेजारीच आहे. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर लागतं. ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८ मध्ये बस्तरच्या माडियांवर जाड पुस्तक लिहिलं. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये मुरिया आदिवासींच्या गोटुलवर, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक घरावर, लिहिलं, त्यात कितीतरी गाणी भाषांतर करून घातली. एल्विन यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. आदिवासींमध्ये राहून, त्यांच्या बाजूने लिहिणारा तो माणूस होता. ते फेब्रुवारी १९६४ मध्ये वारले, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा हक्क २०२४ च्या डिसेंबरअखेर संपला. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं त्या पानांना कायद्याचं कुंपण होतं. त्यातली गाणी ज्यांनी म्हटली त्यांच्यासाठी ते एक दिवसही नव्हतं. आता कुंपणही गेलं आणि ती पुस्तकं कुठल्याही यंत्राला मोकळी झाली. उद्या कुणी यंत्राला माडिया कोण असं विचारलं, तर उत्तर बहुतेक अशाच पुस्तकांतून येईल, कारण आमचं आम्ही लिहिलेलं फार थोडं आहे.

आता सरकार काय करू पाहतं आहे ते पाहा. केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये एक कार्यपत्रिका काढली. तिच्यातला प्रस्ताव थोडक्यात असा की, कायदेशीर मार्गाने हाती आलेली कोणतीही कलाकृती यंत्राच्या शिकवणीसाठी वापरायला कंपन्यांना सरसकट परवाना मिळावा, त्याबदल्यात त्यांनी कमाईतला काही हिस्सा रॉयल्टी म्हणून एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावा आणि तिने तो हक्कदारांत वाटावा. हक्कदाराला 'माझं घेऊ नका' म्हणायची सोय त्यात नाही.

रॉयल्टीचा शब्द तिथे आला याचं मी स्वागत करते. कंपन्यांनी फुकट घ्यावं म्हणणाऱ्यांपेक्षा ही भूमिका शंभरपट बरी. लेखकाला, संगीतकाराला एकट्याने अमेरिकी कंपनीशी भांडता येत नाही, त्यांच्या वतीने कुणी पैसे वसूल करणार असेल तर ते हवंच आहे. पण भामरागडला बसून हा प्रस्ताव वाचला की दोन ठिकाणी पाय अडतो. एक, पैसे हक्कदाराला मिळणार, आणि आमची गाणी कायद्याने बिनमालकाची आहेत. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. नाही म्हणायचा हक्क नसेल तर रॉयल्टी ही नुसती दिलेली रक्कम राहते. दर ते ठरवणार, वाटणी ते ठरवणार, आणि द्यायचं की नाही हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. जंगलात आम्ही हे भोगलेलं आहे. बांबू तोडायला ठेकेदाराची माणसं यायची, गावाला मजुरी मिळायची, आणि स्वतःच्या घराला चार बांबू आणायचे तर गावकऱ्याला वनखात्याची भीती वाटायची.

ते बदललं ते आमच्याच जिल्ह्यात. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याकडेच मागावा लागत होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्याआधी कित्येक वर्षं गावाला एकत्र बसून, अभ्यासगट करून, सर्वसहमतीने ठरवायची सवय लावली होती. त्या पुस्तकाची किंमत बांबूच्या पैशांपेक्षा मोठी होती, कारण त्यावर सही कुणाची हे बदललं. मला गाण्यासाठी ते परवान्याचं पुस्तक हवं आहे.

त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. १९९६ च्या पेसा कायद्यातलं कलम ४(डी) सांगतं की लोकांच्या रूढी-परंपरा, त्यांची सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपायला ग्रामसभा सक्षम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(के) तर जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य करतं. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं. तेंदू आणि बांबूसाठी आम्ही ज्या कायद्याची पानं झिजवली, त्याच कायद्यात आमच्या ज्ञानाची ओळ होती आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्षच गेलं नाही. रानातली वनस्पती व्यापारासाठी न्यायची असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभात वाटा द्यावा लागतो. त्याच झाडाखाली म्हटलेलं गाणं न्यायला कुणाला काही द्यावं लागत नाही, हे आता चालू ठेवायचं कारण उरलेलं नाही.

आजीचाही एक स्वतःचा हक्क आहे आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. गाण्याला लेखक नसला तरी ते म्हणणारी व्यक्ती कॉपीराइट कायद्याने कलावंत ठरते. कलावंताच्या त्या व्याख्येत गायक, नर्तक येतात, तसे डोंबारी आणि गारुडीही येतात. तिच्या गायनाचं रेकॉर्डिंग तिच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. म्हणूनच तर त्यांना तिचा अंगठा हवा होता.

माझ्याशी वाद घालणारे मित्र दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की, पान तोडलं की झाडावर राहत नाही, पण गाणं नेलं तरी तुमच्याकडे राहतंच, मग तुमचं गेलं काय? या प्रश्नाचं उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात मिळालं नाही. ते शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळालं. आमच्या वर्गातल्या मुलींनी नाचासाठी मोबाइलवरचं एक गाणं निवडलं. आठवडी बाजारात ते सगळीकडे वाजत होतं. ढोल होता, मध्ये 'रेला' होतं, चाल ओळखीची वाटत होती आणि शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते, नुसते आदिवासी वाटावेत असे जुळवलेले आवाज. चित्रात पिसांचा मुकुट घातलेली एक मुलगी होती. असा मुकुट आमच्याकडे कुणी घालत नाही. ते सगळं यंत्राने बनवलेलं होतं. मुलींना ते आवडलं, कारण ते जोरकस होतं आणि त्याच्यावर छान नाचता येत होतं. आजी त्या दिवशी शाळेत आली होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मला विचारलं, "हे कोणत्या गावचं?"

तिच्या जगात प्रत्येक गाणं कुठल्या तरी गावचं असतं. त्या गाण्याला गाव नव्हतं.

त्यात आजीचा आवाज मिसळलेला आहे का, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही, कारण यंत्राला काय काय ऐकवलं हे सांगायचं बंधन आपल्याकडे कंपनीवर नाही. युरोपातल्या कायद्याने ऑगस्ट २०२५ पासून मोठ्या यंत्रप्रणालींच्या मालकांना निदान शिकवणीच्या सामग्रीचा सारांश जाहीर करायला लावला आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम बदलले आणि कृत्रिमरीत्या बनवलेल्या चित्र-ध्वनीवर तशी खूण करणं बंधनकारक झालं. ते चांगलंच आहे. पण ती खूण हे यंत्राने बनवलं एवढंच सांगते, कशातून बनवलं ते सांगत नाही. माझ्या मुलींना नेमकं तेच कळायला हवं होतं. गाणं आमच्याकडून जात नाही हे खरं, पण ते बिघडून, दहापट मोठ्या आवाजात आमच्याच अंगणात परत येतं, आणि खरं गाणं म्हणणारी म्हातारी स्वतःच्या नातींसमोर अनोळखी ठरते. गेलं ते हे.

मित्रांचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. परवानगी मागायची अट घातली तर कंपन्या आणि संशोधक छोट्या भाषांच्या वाटेलाच जाणार नाहीत, आणि मग माडिया यंत्रात येणारच नाही. ही भीती मलाही आहे. हेमलकशाला बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात प्रकल्प सुरू केला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी आमची भाषा शिकून घेतली. पोटात कुठे दुखतं हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगता आलं म्हणून त्यांचा दवाखाना चालला. पण गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथल्या प्रत्येक डॉक्टरने माडिया शिकावी अशी अपेक्षा कशी करणार? बाळंतपणाला नेलेल्या आमच्या बाईला तिथे आजही हातवारे करावे लागतात. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' नावाची भाषांतराची यंत्रणा आणली, तिच्यात संताली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडी आहे. गोंडी आणि आमची माडिया बहिणी असल्या तरी एक नाहीत. दवाखान्यासाठी, शाळेसाठी माडियाचं असं यंत्र कुणी करत असेल तर मी चारशेच्या जागी चार हजार वाक्यं फुकट वाचीन. आजीलाही बसवीन.

म्हणूनच मला यंत्राला दार बंद करायचं नाही. कोणत्या कामासाठी काय द्यायचं हे ठरवायची जागा मला हवी आहे. ग्रामसभा संथ असतात, हा आक्षेप तेंदूच्या वेळीही घेतला गेला. गावं स्वतः लिलाव करू लागली तर व्यापारी पाठ फिरवतील, असं तेव्हा म्हणत. गावं शिकली, कोरची तालुक्यात तर ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, आणि तेंदूचा व्यापार आजही चालू आहे. केंद्राच्या प्रस्तावात एवढं घालता येईल की राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येणाऱ्या आदिवासी क्षेत्रातून आवाज, गाणी, कथा गोळा करायच्या असतील तर ग्रामसभेचा किंवा महाग्रामसभेचा ठराव लागेल, संमतिपत्र त्या लोकांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवलं जाईल, आणि बिनलेखकाच्या गाण्याची रॉयल्टी त्या समूहाच्या खात्यात जाईल. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या ठरावावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली होती. भाषेविषयी ठरवणं हे गावाचं काम आहे, हे गावांना आधीपासून कळलेलं आहे.

यंदा थंडीत त्याच संस्थेचा पुन्हा फोन आला. आणखी गाणी हवी होती. या वेळी मी आजीला, मग गावाला विचारलं. दोन रात्री बसून चर्चा झाली. रोवणीची गाणी द्यावीत, लग्नाची द्यावीत पण गावाचं नाव लावून, पंडुमातली त्या पंडुमाच्या दिवसांतच भरून घ्यावीत, मरणाची देऊ नयेत. दवाखान्याच्या आणि शाळेच्या कामाला पैसे घेऊ नयेत, धंद्याला लावणार असतील तर रॉयल्टी वेगळी. आधीच्या संमतिपत्रावरही नव्याने बोलायचं आहे. मी हे सगळं मराठीत लिहून पाठवलं. वरिष्ठांना विचारून सांगतो, असं उत्तर आलं आहे. तेंदू संपला की जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभा ठेवली आहे, आणि पर्लकोटा नदीला पाणी चढायच्या आत या, असं त्यांना कळवलं आहे.